मधल्या खांबाची ओल

कंपनीने धामणखेडला आधी विहीर दिली, पूल मागाहून.

कंपनी अकोल्याची. बेंबळा नदीवर पूल बांधायचा ठेका तिने घेतला होता. नांदगाव खंडेश्वरहून येणारा रस्ता दर पावसाळ्यात गावाच्या उंबऱ्याशी येऊन तुटायचा, तो आता तुटणार नव्हता. दिवाळी झाली, तुरी फुलावर आल्या आणि नदीकाठच्या पडीत जागेत तंबू पडले. चुन्याची भट्टी लागली, चुना मळायची घाणी फिरू लागली. कंपनीचे कारभारी बापूसाहेब, अकोल्याच्या जुन्या शहरातले, उपरणं सावरत चावडीवर आले आणि म्हणाले, "गावानं आम्हाला जागा दिली. आम्हीही गावासाठी काही करू." बोलल्याप्रमाणे त्यांनी चावडीमागे बांधीव विहीर पाडून दिली. कंपनीचा कंपाउंडर तापकऱ्यांना कोयनेलच्या गोळ्या फुकट वाटू लागला.

मग एक दिवस बापूसाहेबांनी पुढची गोष्ट काढली.

"गावातली तरणी पोरं आमच्याकडे द्या. आधी दगड वाहतील, मग दगड घडायला शिकतील. हात बसला की गवंडी, डोकं चाललं की मिस्त्री. कंपनीची कामं सगळ्या वऱ्हाडात आहेत. पोरगं जन्मभर कुणाच्या वावरात राबणार नाही."

बोलणं चांगलं होतं आणि माणूसही खोटा नव्हता. पण चावडीवर बसलेल्यातलं एकही पोरगं उठलं नाही. जत्रेआधी बोकड घरी आणतात, त्याला न्हाऊ घालतात, हरभरा चारतात, कपाळाला हळद लावतात, हे धामणखेडला सगळ्यांनी पाहिलेलं होतं. गोड बोलून विहीर देणारा माणूस पुढे काय मागतो, ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"फुकट कोनी इहीर देते का व?" नव्या विहिरीवर घागर बुडवता बुडवता म्हातारी गोदाबाई म्हणाली. "पुलाले मानूस लागते. खांब काय असा उभा राहाते? खाली जितं मानूस असलं म्हनजेच उभा राहाते."

बायकांनी माना हलवल्या आणि घागरी भरून घेतल्या. धामणखेडचे लोक मोठे हिशेबी. विहिरीचं पाणी कोणी सोडलं नाही, पोरं तेवढी लपवली. कुणी मामाच्या गावी धाडलं, कुणी एकाएकी लग्न जमवायला घेतलं.

मागाहून पुढे आला तो एकटा सूर्यभान, पार्वताबाईचा धाकटा.

पार्वताबाईचं घर गावाच्या शेवटाला, नदीकडे तोंड करून. नवरा पोरं लहान असतानाच गेला होता. दोन पोरं आणि काळ्या मातीचं एक वावर, सगळं तिने एकटीने ओढलं. थोरला देवीदास कामाला खंदा होता, पण त्याला एक खोड होती. बंडी हाकायला तो पुढे बसायचाच नाही. कासरा सैल सोडून द्यायचा आणि स्वतः मागच्या कडेला, पाय लोंबते टाकून, आलेल्या वाटेकडे तोंड करून बसायचा.

"समोर बस ना बे, पडशीन एक दिवस," ती ओरडायची.

"बैलाले वाट ठाव हाय, माय," तो म्हणायचा. "मले मांगचं पाहू दे."

कंपनी यायच्या आदल्या वर्षी भादव्यात तो नांदगावच्या बाजाराहून परत येत होता. नदी चढली होती. बैलांनी वाट सोडली नाही. ते बंडी घेऊन बरोबर अंगणात येऊन उभे राहिले, पोटापर्यंत ओले, आणि मागच्या कडेला कोणी नव्हतं. पुढे काही दिवसांनी तो खालच्या अंगाला बाभळीच्या मुळ्यांत सापडला. पार्वताबाईला त्याचं तोंड आता आठवत नसे. हात आठवत. तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले, मऊ. नांगर धरून घट्टे पडलेले ते हात पाण्याने लहान लेकराच्या हातासारखे करून टाकले होते.

दहाव्याला कावळा शिवला नाही. नदीकाठी पिंड मांडून खुशालराव, तिचा दीर, हात जोडून म्हणत राहिला, "देव्या, तुह्या भावाले आमी संभाळू. तुही बैलं इकत नाई. तुही माय उपाशी राहनार नाई. आनखी काय पाहिजे रे बापू?" कावळे बाभळीवर बसून होते आणि एकही खाली उतरला नाही. उन्हं कलली तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि सूर्यभानने जीवखडा पाण्यात सोडला.

जीवखडा म्हणजे मसणात मडक्याला भोक पाडायचा तो दगड. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्यात असतो. त्या दगडावर पाणी घालायचं आणि दहाव्याला तो वाहत्या पाण्यात सोडायचा, की जीव मोकळा होतो.

पण सूर्यभानने सोडला तो अंगणातला साधा दगड होता. पोरगा सकाळी डोकं भादरायला बसला असताना पार्वताबाईने फडक्यातला दगड बदलला होता. ज्या नदीने लेकरू खाल्लं तिच्याच तोंडात त्याला पुन्हा टाकायचं, हे तिच्या छातीला मानवलं नाही. खरा जीवखडा तिने माजघरातल्या उतरंडीच्या तळच्या मडक्यात ठेवला. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी ती त्याच्यावर ओंजळभर पाणी घाली. तो दगड कधी वाळला नाही. वैशाखात गावातले रांजण कोरडे पडले तेव्हाही तिचं बोट लागलं की ओलं व्हायचं. शेजारच्या मडक्यातल्या तुरीला मोड आले. तिला भीती वाटली नाही. लेकरू घरात आहे एवढंच तिला वाटलं, आणि ते वाटणं तिला बरं वाटायचं.

आणि आता धाकटा म्हणत होता, मी पुलावर जातो.

"काहून जातं?" तिने विचारलं. "वावर पडलं हाय का?"

"दादा गेला तो पूल नव्हता म्हनून गेला," सूर्यभान म्हणाला. तो खाली मान घालून बोलायचा, पण बोललेलं मागे घ्यायचा नाही. "मी नाई जाऊ त कोन जाईन?"

 तिने शिदोरी बांधून दिली.

कामावर नत्थुजी मिस्त्री होता, काळा, बुटका, तोंडात कायम तंबाखू. त्याने सूर्यभानला आधी दगड वाहायला लावलं, मग छिन्नी-हातोडा दिला. पोराची नजर सरळ होती. ओळंबा सोडायच्या आधीच त्याला भिंत कुठे कलली ते कळायचं. बापूसाहेबांना तो आवडला. त्यांनी त्याला नवं धोतर दिलं, खांद्यावर हात ठेवला आणि चारचौघांत म्हणाले, "हा आमचा."

हे गावात पोचायला कितीसा वेळ लागणार. दुसऱ्या दिवशी विहिरीवर पार्वताबाईला जागा मोकळी करून मिळाली. बायका आपापल्या घागरी उचलून बाजूला झाल्या.

"नवं धोतर देल्लं म्हने," गोदाबाई म्हणाली. आवाजात कुचकेपणा नव्हता, उलट माया होती. "खाऊ घालजो त्याले चांगलं. जेवढं होते तेवढं."

"नदीनं माहा एक घेतला ना," पार्वताबाई म्हणाली. "मंग आता काय?"

"तो नदीचा वाटा व. पुलाचा अलग."

घागर तशीच टाकून ती घरी आली. माजघरात उतरंडीसमोर बसून राहिली. सूर्यभानला घरी ओढून आणावं, तर तो ऐकणार नाही. आणि ऐकलं तरी कंपनीने 'हा आमचा' म्हटलेलं पोरगं घरात बसून वाचतं थोडंच. बसल्या बसल्या तिचं लक्ष तळच्या मडक्याकडे गेलं. मडक्याच्या बाहेरून पाणी झिरपून जमीन काळी झाली होती.

पुलाला माणूस लागतो, तर माणूस आपल्या घरात आहे. गेलेला आहे, पण जीव त्याचाच आहे. एका घरचा एक घेतला की दुसऱ्याला मागायचं कारण उरत नाही. तिला ते इतकं सरळ दिसलं की आधी कसं सुचलं नाही याचाच तिला राग आला.

फाल्गुनात मधल्या खांबाचा पाया भरणं सुरू होतं. नदी आटून डबक्यांवर आली होती आणि पात्रात घर मावेल एवढा खड्डा होता. कडेने घडीव दगडांचे थर, आत चुना आणि धोंड्यांची भर. दुपारी सूर्यभानची भाकर घेऊन ती खाली उतरली. माणसं सावलीला गेली होती. टोपल्यात भाकरीखाली फडक्यात बांधलेला जीवखडा होता.

"देव्या," ती ओल्या चुन्याच्या कडेला वाकून म्हणाली, "तुह्या भावासाठी जाय. तो तुले लय मानते."

चुन्यात दगड बुडाला. बुडताना वर बुडबुडे आले, आणि येतच राहिले, पाण्यात कुणी श्वास सोडावा तसे. ती पाहत उभी होती तेव्हा मागून सूर्यभान आला. त्याने भाकर खाल्ली, हात धुतले, आणि त्याच जागेवर एक भला मोठा धोंडा पहारीने सरकवून बसवला. वर चुना थापला. बुडबुडे बंद झाले.

"कोनी बोललं का, माय?" त्याने इकडेतिकडे पाहत विचारलं.

"मीच बोलली," ती म्हणाली.

त्या पावसाळ्यात बेंबळा दोनदा काठ सोडून आली. अर्धे उभे असलेले खांब हलले नाहीत आणि कामावरच्या कोणाच्या बोटालाही इजा झाली नाही. मग गावाची भीती ओसरली. मामाच्या गावी गेलेली पोरं परत आली, काही जण कामाला लागले. बापूसाहेबांनी पोळ्याला सगळ्या शिकाऊ पोरांना पेढे वाटले. पार्वताबाईला पुन्हा विहिरीवर जागा मिळेना, सगळ्या पहिल्यासारख्या ढकलाढकली करू लागल्या, आणि तिला त्याचं मोठं सुख झालं.

हे सुख तिला पुरतं हिवाळाभरही लाभलं नाही.

खांब पूर्ण चढले, कमानीचे लाकडी साचे बसले, आणि मधल्या खांबाला ओल दिसू लागली. पाणी खालून चढतं तेव्हा ओल तळापासून येते. ही तशी नव्हती. खालचे थर कोरडे खडखडीत, वरचेही कोरडे, आणि मधेच, माणूस बसला तर पाठ टेकेल एवढ्या उंचीवर, काळा ओला डाग. चुना ओला राहिला असेल, म्हणून नत्थुजीने दरजा खरवडून पुन्हा भरल्या. डाग गेला नाही. कामावरची माणसं दुपारी त्या खांबाच्या सावलीला बसेनाशी झाली. सावली गार होती, पण बसलं की कोणी मागे बसलंय असं वाटतं, असं एक बेलदार म्हणाला आणि गठुडं बांधून घरी गेला.

सूर्यभान मात्र तिथेच बसायचा. डागाला पाठ टेकून.

पार्वताबाई भाकर घेऊन गेली की तिला लांबूनच त्याचे ओठ हलताना दिसायचे.

"कोनासंग बोलून राहिला?"

"दादासंग." त्याने ते अगदी साधेपणाने सांगितलं. "तो मले हाक मारते, माय. आतून. लहान्या म्हनते."

तिच्या हातातलं टोपलं खाली टेकलं. 'लहान्या' हे नाव देवीदासशिवाय कोणी घेत नसे.

"काय म्हनते तो?"

"काई नाई. नुसतं लहान्या, लहान्या. मी थांबलो की उगा राहाते. उठलो की पुन्हा सुरू." तो हसला. "एकटा हाय ना तो."

तिने त्याला घरी न्यायला पाहिलं. तो आला, जेवला, आणि थोड्या वेळाने तोंड नदीकडे करून अंगणात उभा राहिला. हळूहळू त्याचं जेवण तुटलं. चुन्यात काम करणाऱ्यांचे हात फाटतात, भेगांतून रक्त येतं. नत्थुजीचे हात तर कोरड्या तळ्याच्या मातीसारखे होते. सूर्यभानचे हात फाटले नाहीत. एका दुपारी भाकर देताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं आणि तिने त्याचा हात ओढून उलटा केला. तळवा पांढराफटक होता, सुरकुतलेला, मऊ. छिन्नीचे घट्टे गेले होते.

 ती त्याचा हात पदराने पुसत राहिली. पुसला की पुन्हा ओला होत होता.

चैत्र लागला आणि पूल झाला. कंपनीचं बिऱ्हाड हलायची वेळ आली. त्या आठवड्यात नत्थुजी मिस्त्री तिच्या अंगणात येऊन बसला. बापूसाहेबांनीच धाडलं होतं.

"बाई, तुमच्या पोराले समजावून सांगा," तो म्हणाला. "साहेबानं चांगल्या हाताची पोरं निवडली. अकोल्याले नेतात, मोर्णा नदीवर काम हाय. तठी नकाशा वाचाले शिकवतील. दोन-चार वर्सांत तुमचं पोरगं माह्या जाग्यावर बसते. बाकीचे उड्या मारून राहिले, अन् हा म्हनते मी खांब सोडून येत नाई."

 पोरगा जवळ राहावा म्हणून जिने एवढं केलं, तिला आता पोरगा जवळ राहतो म्हणून रडू येत होतं.

"तुमच्या गावची पोरं अशीच का व?" नत्थुजी तंबाखू मळत म्हणाला. "मांगं आमी तिवश्याच्या रस्त्यावर असताना नांदगावच्या बाजारात एक जन भेटला होता. धामनखेडचा म्हने. उंच, गालावर देवीचे वन. मले म्हने, मिस्त्री, मलेही घ्या तुमच्यासंग, मले गाव सोडून पाहाचं हाय. मी म्हटलं चाल. तर म्हने, आज नाई, आंदी मायले इचारून येतो. सांजच्याले पानी चढाच्या आत घरी पोचतो म्हनून बंडी जुंपली त्यानं. मागच्या बाजूनं बसला होता, पाय सोडून. लय येळ आमच्याकडे पाहात गेला. परत काई आला नाई."

अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. पार्वताबाईला नत्थुजीचं तोंड हलताना दिसत होतं, पण मधला बराच वेळ तिला ऐकू आलं नाही.

"भादव्यातली गोठ का?" तिने शेवटी विचारलं.

"होय. भादवाच होता."

नत्थुजी गेला. तिने चूल पेटवली आणि मूठभर तांदूळ शिजत घातले. भाताचा मऊ गोळा करून पळसाच्या पानावर ठेवला, वर काळे तीळ टाकले. ऐन दुपारी, उन्हाने वाटेचा फुफाटा झालेला असताना, ती एकटी नदीत उतरली. हे काम बाईने करायचं नसतं हे तिला माहीत होतं. पण मुळात चुकलं होतं तेच मोठं होतं, त्यापुढे हे काय.

सूर्यभान मधल्या खांबाला टेकून बसला होता. डोळे मिटलेले, मान एका बाजूला, ओठ निळसर. ओला डाग आता त्याच्या पाठीमागून दोन्ही बाजूंना पसरला होता, खांद्याएवढा रुंद. आणि तिलाही ऐकू आलं. दगडाच्या आतून, खूप खोलून, पाण्याखालून यावा तसा आवाज. लहान्या.

तिने पान खांबाच्या बुडाशी ठेवलं आणि मागे सरली.

कावळा लगेच आला, मोठा काळा डोमकावळा. पानाच्या कडेवर बसला आणि तिच्याकडे पाहू लागला.

"देव्या," ती म्हणाली, "तुही बैलं हायेत. इकली नाईत."

कावळा बसून राहिला.

"वावर हाय. धुऱ्यावरचा तुहा आंबाबी हाय. यंदा मोहोर आला होता."

कावळ्याने मान वळवून खांबाकडे पाहिलं. आतला आवाज चालूच होता. सूर्यभानच्या तोंडाच्या कोपऱ्यातून पाण्याची धार ओघळली आणि छातीवर आली. ते स्वच्छ पाणी नव्हतं. गढूळ, पुराचं पाणी होतं.

तिला काय म्हणायचं ते नत्थुजी उठून गेला तेव्हापासून ठाऊक होतं. ते तोंडातून निघत नव्हतं इतकंच. घरात एक माणूस राहिला होता, आणि तो गेला की संध्याकाळी दिवा कुणासाठी लावायचा? ती उन्हात उभी राहून रडली. मग पदराने तोंड पुसलं आणि मोठ्याने, चावडीवर बोलावं तशी बोलली.

"तू मले इचाराले निंगाला होता, गाव सोडू का म्हनून. तू येऊ शकला नाई. आता आयक. मी नाई म्हनत नाई. लहान्या अकोल्याले जाईन. मी त्याले अडवनार नाई, रडनार नाई, बलावनं धाडनार नाई. जाऊ दे त्याले. म्या तुले दगडात घातलं, मी चुकली रे बापू."

कावळ्याने भातात चोच घातली.

एकदा, दोनदा, आणि मग गोळाच उचलून तो खांबाच्या वरून, नव्या पुलाच्या वरून अकोल्याच्या बाजूला उडून गेला. आवाज थांबला. सूर्यभानने खोकून खोकून पाणी बाहेर काढलं, डोळे उघडले आणि म्हणाला, "माय, भूक लागली." घरी नेऊन तिने त्याला ताकात भाकर कुस्करून दिली. त्याने हात चाटून खाल्लं. झोपताना तिने त्याचा तळवा चाचपला. तो कोरडा होता.

कंपनीच्या बंड्या दोन दिवसांनी निघाल्या. सगळं गाव पुलाच्या अलीकडे गोळा झालं होतं. अवजारं, तंबू, घाणीचं चाक, सगळं लादलेलं. बापूसाहेब बैलांच्या हलक्या दमणीत पुढे. पोरांच्या आया पोरांच्या गळ्यात पडून रडत होत्या. पार्वताबाई रडली नाही. तिने सूर्यभानच्या हातात शिदोरी दिली, त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

"पत्र लिहाले शिकजो," ती म्हणाली. "खुशालराव वाचून दाखवते मले."

"येईन ना मी पोळ्याले."

"काम पाहून येजो. माह्यापायी येऊ नको."

तो सगळ्यात मागच्या बंडीवर चढला आणि हाकणाऱ्याच्या शेजारी, पुढे तोंड करून बसला. बंड्या एकामागोमाग पुलावर चढल्या. पुलावर चाकांचा आवाज वेगळाच येत होता, खालून कमानी घुमत होत्या. पोरं नाचत बाजूने धावली. गोदाबाईने कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "चांगलं झालं व पारबते. खांबानं कोनाले मांगलं नाई."

 पार्वताबाई शेवटच्या बंडीकडे पाहत होती.

पुलाच्या मध्यावर, मधल्या खांबाच्या बरोबर वर, ती बंडी क्षणभर संथ झाली. तिचा मागचा भाग जरा खाली दबला, मागून कोणी चढलं की दबतो तसा. हाकणाऱ्याने बैलांना हाळी दिली. बंडी पुन्हा चालू लागली आणि आता मागच्या कडेला एक जण बसलेला होता, उंच, पाय लोंबते सोडून, गावाकडे तोंड करून. त्याच्या मुंडाशातून पाणी ठिबकत होतं. सूर्यभान पुढे बसून हाकणाऱ्याशी बोलत होता आणि बोलता बोलता त्याने शिदोरीतला अर्धा तुकडा मोडून, मागे न पाहता, मागे धरला. तो कोणीतरी घेतला.

बाकी कुणाला काही दिसलं नाही. ते हात हलवत होते. पार्वताबाईनेही हात वर केला. मागचा बसलेला तिच्याकडे पाहत राहिला, बंडी पलीकडच्या वळणावर जाईपर्यंत.

लोक पांगले. ती पुलावर गेली. चैत्राच्या धुळीत मधल्या खांबापासून पुढे, दोन चाकोऱ्यांच्या मधून, थेंबांची एक ओळ गेली होती, आणि उन्हाने ती तिच्या देखत वाळत होती. मग ती खाली पात्रात उतरली. खांबावरचा डाग कुठे होता ते आता ओळखू येत नव्हतं. तिने दगडावर तळवा ठेवला, मग गाल ठेवला, मग कान.

"देव्या," तिने हाक मारली.

ऊन लागून दगड तापला होता. आत काही नव्हतं. ती बराच वेळ तशीच कान लावून उभी राहिली, आणि मग घागर आणायला घरी गेली, कारण संध्याकाळचं पाणी भरायचं होतं, एका माणसापुरतं.